सेप्सिस: रक्तातले आकडे काय सांगतात

आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो: "डॉक्टर, वाचतील ना?" हल्ली हा प्रश्न विचारताना त्याच्या हातात मोबाइल असतो आणि त्यावर लॅबचा रिपोर्ट. प्रोकॅल्सिटोनिन या संसर्गात वाढणाऱ्या रक्तातल्या घटकासमोर ठळक अक्षरांत २८ छापलेलं असतं, शेजारच्या रकान्यात नॉर्मल ०.०५ पेक्षा कमी. मुलगा मनातल्या मनात भागाकार करतो, पाचशे पटींच्या वर उत्तर येतं आणि त्याच्या पायांतलं बळच जातं. आजचं बोलणं मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

सेप्सिस म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नव्हे. संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर इतकं बिघडतं, की स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात. २०१६ साली ठरलेली व्याख्या हीच आहे. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज आहे. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा सेप्सिसशी जोडलेला होता. त्यामुळे कोण वाचेल, कोण नाही, हे रक्तावरून आधी कळावं म्हणून संशोधक जिवाचं रान करतात. २०२० च्या एका आढाव्यात अशा २५८ मार्करांची, म्हणजे आजाराची खूण सांगणाऱ्या घटकांची, मोजदाद झाली. इतके मार्कर आहेत, याचाच अर्थ एकावरही पुरता भरवसा टाकता येत नाही.

प्रोकॅल्सिटोनिन घ्या. निरोगी माणसात ते थायरॉइडमध्ये तयार होतं, रक्तात जेमतेम सापडतं. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की शरीरातल्या बऱ्याच पेशी ते सोडू लागतात. काही तासांत चढतं आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दिवसाला निम्मं होत उतरतं. पण मोठं ऑपरेशन, भाजणं, मूत्रपिंडाचा जुना आजार, यांतही ते वाढतं. मलेरियातही वाढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हे विसरून चालत नाही.

आता मृत्यूच्या भाकिताचं बघू. २०१५ मध्ये २३ अभ्यास एकत्र करून सुमारे चार हजार प्रौढ रुग्णांची आकडेवारी तपासली गेली. जे दगावले, त्यांच्यातल्या ७६ टक्क्यांचं प्रोकॅल्सिटोनिन 'वाईट' होतं. जे वाचले, त्यांच्यातल्या ६४ टक्क्यांचं 'चांगलं' होतं. ऐकायला बरं वाटतं. पण हिशेब मांडून पाहा. समजा सेप्सिसचे १०० रुग्ण आहेत आणि त्यांतले ३० दगावणार आहेत. या तिसातले २३ जण वाईट आकड्याचे निघतील. उरलेल्या ७० जणांत ३६ टक्के, म्हणजे २५ जण, वाईट आकडा घेऊनही वाचतील. एकूण वाईट आकडे ४८, आणि त्यांतले २५ जण घरी गेले! निम्म्याहून जास्त. तो मोबाइल हातात धरलेल्या मुलाला मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवते. आणि उलट बाजूही सांगते: आकडा चांगला असलेल्या ५२ जणांतले ७ जण गेले. चांगल्या रिपोर्टवर निर्धास्त होणं तितकंच धोक्याचं.

मग एवढ्या महागड्या तपासणीचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे, फक्त जागा वेगळी आहे. नेदरलँड्समध्ये आयसीयूतल्या दीड हजारांहून जास्त रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. प्रोकॅल्सिटोनिन शिखरापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ च्या खाली आलं, की अँटिबायोटिक थांबवण्याचा सल्ला. सात दिवसांऐवजी पाच दिवसांत औषध थांबलं आणि २८ दिवसांतले मृत्यूही वाढले नाहीत. ते २० टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत २५. त्याआधी २०११ मध्ये डेन्मार्कमध्ये उलट प्रयोग झाला होता. आकडा चढला की अँटिबायोटिक वाढवा. जीव वाचले नाहीत, व्हेंटिलेटरवरचे आणि आयसीयूतले दिवस मात्र वाढले. म्हणून २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की औषध सुरू करायला याची वाट बघू नका, थांबवायला याची मदत घ्या.

माझा स्वतःचा जास्त विश्वास लॅक्टेटवर आहे. पेशी साखर जाळताना तयार होणारा हा एक पदार्थ, रक्तात मोजता येतो. पेशींना प्राणवायू कमी पडला की ते वाढतं, आणि शरीरात ताणाची रसायनं उसळली तरी वाढतं. भरपूर सलाईन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर आहे, याला आम्ही सेप्टिक शॉक म्हणतो. अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे जातं. पण नमुना कसा घेतला, यावर सगळं अवलंबून. दंडाला पट्टा करकचून बांधून ठेवला, तर आकडा चढू शकतो. रक्त साध्या ट्यूबमध्ये काढून टेबलावर अर्धा-पाऊण तास राहिलं, तर नळीतल्या तांबड्या पेशी साखर वापरून लॅक्टेट बनवतच राहतात. मग रुग्ण आहे तिथेच असतो आणि रिपोर्ट घाबरवतो. राखाडी बुचाची फ्लोराइडची ट्यूब, किंवा एबीजीची (धमनीतल्या रक्तातले वायू तपासण्याची) सिरिंज घेऊन थेट मशीनकडे धाव, हे करणाऱ्या सिस्टर आणि तंत्रज्ञांच्या हातात अर्धं निदान असतं. यकृत बिघडलेलं असेल, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, दम्यासाठी सालब्युटामॉल दिलं असेल, तरी आकडा चढू शकतो.

आणि तो एकदा बघून भागत नाही. सकाळी लॅक्टेट ६ होतं, ते दुपारी ३ वर आलं, तर मला धीर येतो. सकाळी ३ होतं आणि दुपारीही ३ च आहे, तर मी पुन्हा शोधायला लागते: पोटात कुठे पू साठलाय का, मूत्रमार्गात खडा अडकलाय का, अँटिबायोटिक चुकीचं आहे का. माझ्या लेखी भाकिताचा खरा उपयोग हाच. २०१९ च्या एका चाचणीत तर लॅक्टेटऐवजी बोटाचं टोक दाबून सोडल्यावर रक्त किती सेकंदांत परत येतं, यावर उपचार केले. निकाल लॅक्टेटच्या पद्धतीपेक्षा वाईट लागला नाही. याला खर्च शून्य. तालुक्याच्या रुग्णालयातही जमतं.

महागडे मार्कर नसतील तिथेही मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, यकृताचं बिलिरुबिन आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तर असतातच. श्वास, रक्तदाब आणि शुद्ध यांची जोड देऊन यांतूनच सोफा स्कोअर, म्हणजे अवयव किती बिघडलेत याचे गुण, काढतात. सहा यंत्रणा, प्रत्येकी ० ते ४ गुण. तो एकदम २ ने वाढला, की रुग्णालयात मृत्यूची शक्यता सुमारे १० टक्के धरतात. फक्त आपल्या भागात प्लेटलेट वाचताना डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात हवेत.

तेव्हा नातेवाइकांनो, डॉक्टरांना "आकडा किती?" एवढंच विचारू नका. कालच्यापेक्षा लॅक्टेट कुठे आहे, लघवी किती झाली, रक्तदाबाच्या औषधाचा डोस चढतोय की उतरतोय, संसर्गाचं मूळ सापडलं का, ब्लड कल्चरमध्ये काय आलं, हे विचारा. आणि घरून येताना चालू गोळ्यांची पाकिटं, ताप कधी आला याची वेळ आणि शेवटची लघवी कधी झाली, एवढं बरोबर आणा. हे कुठल्याच रिपोर्टमध्ये छापून येत नाही.