अलिबाग ते श्रीवर्धन, डायलिसिसच्या वाटेनं

नमस्कार मंडळी! श्रीवर्धनहून बोलतेय. आमची टीम आत्ताच पोचली, सायकली अंगणात लागल्यात, पाय भरून आलेत, पण आजचं आजच सांगायचं म्हणून जेवायच्या आधीच बोलायला बसलेय.

आज राईडचा पहिला दिवस होता. सकाळी अंधारातच अलिबाग सोडलं. ही राईड डायलिसिसच्या, म्हणजे किडनी चालत नाही म्हणून मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागणाऱ्या पेशंटसाठी आहे हे तुम्हाला माहितीये, पण राईडमधून गोळा होणारे पैसे नेमके कशाला हे खूपजण विचारतात, डायलिसिस तर आता फुकट होतं ना म्हणतात. हो, होतं. महात्मा फुले योजनेत बसतं, २०१६ पासून केंद्राचाही कार्यक्रम आहे. पण मशीनपर्यंत पोचायचं कसं? आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास, म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर फेऱ्या, त्यात सोबत घरचं एक माणूस, त्याचा रोज बुडतो तो वेगळाच. हे पैसे या प्रवासाला जाणारेत. गाडीभाडं, बाकी काही नाही.

तर चौलच्या वाड्यांमधून जाताना एका वाडीवाल्या काकांनी आम्हाला थांबवलं, पैसे न घेता सगळ्यांना शहाळी दिली. आम्ही घटाघटा प्यायलो आणि आमच्यातला एक दादा शहाळं हातात धरून तसाच उभा. त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे. घरची नारळाची वाडी आहे, त्यांनी स्वतः लावलेली, निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, अर्धी आडवी झाली ती परत उभी केलेली, आणि आता त्यांनाच शहाळं बंद! कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, किडनी चालत नसली की ते रक्तात साठतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. केळी पण जपून. पाणीसुद्धा मोजून, डॉक्टर सांगतील तेवढंच, आणि चहा, ताक, आमटी सगळं त्यातच धरायचं. कोकणातल्या उन्हाळ्यात हे कसं करत असतील हो? आम्ही दर थोड्या वेळानं बाटली तोंडाला लावत होतो, आणि त्यानंतर प्रत्येक घोटाला मला ते आठवत होतं.

रेवदंड्यानंतर साळावचा पूल, कोर्लईला उजवीकडे समुद्र आणि किल्ला, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, सगळं डोळे भरून बघितलं. काशीदच्या आधीचे चढ मात्र खरंच दमवतात. आमच्यातली सगळ्यात लहान पोरगी तिथे मागे राहिली तर दोघंजण तिच्यासोबत हळू झाले, कुणीच कुणाला सोडून पुढे गेलं नाही, हे मला फार आवडलं. मुरूडला जेवलो आणि आगरदांड्याला जंगलजेटीवर, म्हणजे खाडीपलीकडे गाड्या-माणसं नेणाऱ्या बोटीवर, सायकली चढवल्या.

आता ही जेटी बघा, आम्हाला मजा, वारा खात पलीकडे दिघीला उतरायचं. पण अलीकडच्या काठावर डायलिसिस करून संध्याकाळी परत फिरणाऱ्याला शेवटची फेरी चुकली तर माणगाव-म्हसळ्याचा वळसा, तोही डायलिसिसनंतर, जेव्हा अंगातलं सगळं बळ गेलेलं असतं, बीपी खाली आलेलं असतं, कुणाला गोळे येतात. नकाशात त्याचं गाव समोरच दिसतं पण पोचायला रात्र होते.

दिघीच्या पुढे एक काका रस्त्यावर येऊन थांबले होते, गेली काही वर्षं डायलिसिसवर. त्यांनी मनगटाच्या वर माझं बोट ठेवून घेतलं. फिस्टुला म्हणतात त्याला, ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडलेली असते, सुया तिथेच टोचतात. बोटाखाली सतत थरथर, मांजर घुरघुरतं ना तशी. काका म्हणाले, "रोज सकाळी उठल्यावर आधी ही बघतो, चालू आहे ना." त्या हातानं वजन उचलायचं नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही. मी तर काही बोलूच शकले नाही, नुसता नमस्कार केला.

मग भरडखोल, शेखाडीवरून समुद्राच्या अगदी कडेकडेनं इथे आलो.

उद्या हरिहरेश्वर, बागमांडल्याला परत जेटी आणि पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. वाटेत भेटा, थोडं अंतर सोबत चला, मुलांना आणा. आणि ज्यांना शुगर किंवा बीपी आहे त्यांनी या महिन्यात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं) आणि लघवीची तपासणी करून घ्याच, किडनी बिघडायची ही दोन सगळ्यात मोठी कारणं आहेत आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही.

अजून एक. तुमच्या गावात कुणी डायलिसिसला जात असेल आणि तुमची गाडी त्याच दिवशी त्याच बाजूला निघणार असेल तर आदल्या रात्री त्यांच्या घरी फोन करून सांगा, एक सीट रिकामी आहे म्हणून.