जाळण्याआधी ओळख पटू द्या

नमस्कार श्रोतेहो. मी इंदूरची त्वचारोगाची डॉक्टर. आज बोलूया चामखिळी, मस्से आणि तीळ लेझरनं काढण्याबद्दल.

मागे एकदा लोकमान्यनगरातून एक काकू दवाखान्यात आल्या. पदर थोडा बाजूला करून त्यांनी मान पुढे केली. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांना लागून, मण्यांएवढ्याच चामखिळी. पंधरा-वीस तरी असतील. त्यातली एक लाल होऊन सुजली होती, कारण झोपेत मंगळसूत्राची तार तिच्यात अडकून ओढली गेली होती. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, हे सगळे मस्से लेझरनं उडवून द्या. पुढच्या आठवड्यात मुलीचा साखरपुडा आहे." इंदूरच्या मराठीत मस्सा हाच शब्द रुळलाय, तेव्हा आज मीही तो अधूनमधून वापरेन.

मी विचारलं, "काकू, साखर शेवटची कधी तपासली?" त्या म्हणाल्या, "साखरेचा इथे काय संबंध?" संबंध मानेच्या मागच्या बाजूला दिसत होता. तिथली कातडी काळपट, जाड, मखमलीसारखी झाली होती. "तो मळ आहे हो. रोज वज्रीनं घासते, निघतच नाही." श्रोतेहो, तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होईनासं झालं की मानेवर, काखेत असा काळेपणा येतो आणि त्याच्या जोडीनं बारीक लोंबत्या चामखिळी उगवतात. प्रत्येकाच्या चामखिळीमागे मधुमेह असतो असं मुळीच नाही. वजन वाढलं की येतात, गरोदरपणात येतात, काही घराण्यांत त्या असतातच. पण काकूंची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी 7.8 आली, आणि 6.5 च्या पुढे मधुमेह धरतात. चामखिळी आम्ही काढल्या, पण साखरपुड्यानंतर. आधी गोळ्या सुरू झाल्या.

मस्सा, तीळ, मस, चामखीळ हे शब्द आपण एकाच वस्तूला लावतो, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. लोंबती चामखीळ म्हणजे कातडीची साधी पिशवी. खरखरीत, फुलकोबीसारखी दिसते ती विषाणूमुळे होते आणि पसरते. दाढीच्या जागी एका ओळीत मस्से उठलेली तरुण मुलं मी नेहमी पाहते. वस्तऱ्यानं एक कापला गेला की विषाणू त्याच ओळीत पुढे पेरला जातो. अशा मुलांनी दाढीचं ब्लेड स्वतःचं ठेवावं आणि मस्से असेपर्यंत त्या भागावर वस्तरा फिरवूच नये. चाळिशीनंतर बायकांच्या गालांवर, डोळ्यांभोवती मोहरीएवढे काळे दाणे येतात. आपल्यासारख्या गडद वर्णात ते फार आढळतात, आईला असले की मुलीलाही येतात. वय वाढल्यावर पाठीवर, कपाळावर मेणाचा तुकडा चिकटवल्यासारखे तपकिरी खवले दिसतात, तेही निरुपद्रवी. आणि तीळ म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा पुंजका. त्याची मुळं पुष्कळदा कातडीच्या खालच्या थरात असतात, म्हणून वरून जाळलेला तीळ काही महिन्यांनी पुन्हा डोकावतो.

आता यंत्राबद्दल. ते मला मनापासून आवडतं आणि त्यात आपलाही थोडा वाटा आहे. मस्से काढायला सर्वांत जास्त वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेझर. 1964 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तो सिद्ध केला कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा, 1938 सालचा, आणि पदवी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची. जगातला पहिला लेझर 1960 साली चालला, त्यानंतर अवघ्या चार वर्षांत बारामतीत जन्मलेल्या या माणसानं वायूतून असा किरण काढला, जो आज जगभरच्या दवाखान्यांत कातडीवर चालतो. आणि इंदूरचं सांगायचं तर, राजेंद्रनगरकडचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, लेझरवर संशोधन करणारी सरकारी संस्था. त्याचं जुनं नाव सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, म्हणून आपण अजून त्याला कॅटच म्हणतो. 1984 साली त्याची पायाभरणी झाली आणि शस्त्रक्रियेसाठीचे कार्बन डायऑक्साइड लेझर तिथल्या शास्त्रज्ञांनी इथे, या मातीत तयार केले. कॅट रोडवरून जाताना मला दर वेळी याचा अभिमान वाटतो.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही. कुठे पडणार हे कळावं म्हणून सोबत एक लाल ठिपका सोडलेला असतो. किरणाची तरंगलांबी अशी आहे की पाणी तो चटकन शोषून घेतं, आणि आपली कातडी बहुतांशी पाणीच. त्यामुळे किरण पडला की पेशीतलं पाणी क्षणात उकळतं आणि पेशीची वाफ होते. डॉक्टर एक पातळ थर उडवतात, ओल्या गॉजनं पुसतात, खाली काय दिसतं ते पाहतात, मग पुढचा थर. केस जळल्यासारखा वास येतो. आधी बधिर करणारं मलम पाऊण ते एक तास लावून ठेवतात किंवा बारीक सुईनं इंजेक्शन देतात, म्हणून दुखणं फारसं नसतं. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा हवा. पापणीजवळ काम असेल तर रोग्याच्या डोळ्यात धातूचं कवच बसवावं लागतं. विषाणूच्या मस्स्यांच्या धुरात त्या विषाणूचे अंश सापडलेले आहेत, म्हणून धूर ओढून घेणारी नळी आणि मास्क हवाच. यातलं काहीही न दिसलं, तर खुर्चीवरून उठून घरी या.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. लोंबत्या चामखिळीला लेझरच लागतो असं नाही. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या साध्या यंत्रानं, किंवा बारीक कात्रीनंही त्या तितक्याच छान निघतात आणि खर्च कमी येतो. उलट, कातडीतल्या रक्तवाहिन्यांचे लालबुंद ठिपके असतात त्यांना रक्ताचा लाल रंग ओळखणारा वेगळा लेझर अधिक चांगला. यंत्र एकच आणि रोग पन्नास, अशी पाटी दिसली तर जरा थांबा.

आणि आता जे सांगायला मी आज इथे बसले ते सांगते.

माझी आत्या. वय 66. नाकपुडीच्या बाजूला काळा, चकचकीत दाणा. शहरातल्या एका ठिकाणी तिनं तो लेझरनं काढून घेतला. पाच मिनिटांत झालं, खपली पडली, सगळे खूश. वर्षभरानं तो परत आला, तिनं परत काढून घेतला. दोन्ही वेळा कुणी भिंग लावून पाहिलं नाही, कुणी तुकडा तपासायला पाठवला नाही. पाठवणार तरी काय? लेझरनं वस्तूची वाफ झालेली असते. चाकूनं काढलं तर पॅथॉलॉजीच्या बाटलीत काहीतरी उरतं, लेझरनंतर हातात काही उरत नाही.

तिसऱ्यांदा आला तेव्हा आत्या माझ्याकडे आली. मी नाराज झाले, कारण ती आधी का आली नाही. म्हणाली, "अगं, एवढ्याशा तिळासाठी तुला कशाला त्रास? आणि हा माझा जन्मापासूनचा तीळ आहे." मी डर्मोस्कोप लावला. हे दहापट मोठं दाखवणारं, खिशात मावणारं भिंग. दाण्याच्या कडेला निळसर-करडे ठिपके होते, वर झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या. मग मी तिच्या घरी गेले आणि लग्नाचा अल्बम मागितला. काळे-पांढरे फोटो, कोपऱ्यांना कागदी पाकळ्या. हळदीच्या फोटोत तिचा चेहरा अगदी जवळून आहे, नाक लख्ख दिसतं. तिथे तीळ नाही. धाकट्या मुलाच्या मुंजीच्या रंगीत फोटोतही नाही. आत्या कितीतरी वेळ तो फोटो उजेडात धरून पाहत राहिली.

मी चार मिलिमीटरचा तुकडा काढून पाठवला. अहवालात बेसल सेल कार्सिनोमा आला, म्हणजे कातडीचा कर्करोग. यातला चांगला भाग आधी सांगते. हा प्रकार शरीरात इतरत्र फारच क्वचित पसरतो. पण जिथे असतो तिथे खोल खोल खात जातो, आणि वरून दोनदा जाळल्यामुळे तो व्रणाखाली झाकला गेला होता. नाकपुडीचा भाग कापावा लागला, गालाची कातडी सरकवून तिथे बसवावी लागली. वेळेवर तुकडा तपासला असता तर दोन टाक्यांत भागलं असतं. आत्या आज ठणठणीत आहे. नाकाजवळची रेघ मात्र राहिली.

म्हणून सांगते, काळा किंवा रंगीत दाणा असेल तर आधी भिंगाखाली ओळख, मग लेझर. दोन्ही बाजू सारख्या नसलेला, कडा तुटक-वेड्यावाकड्या, एकाच ठिपक्यात दोन-तीन रंग, पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा, म्हणजे 6 मिलिमीटरपेक्षा मोठा, आणि मुख्य म्हणजे बदलणारा, खाजणारा, आपोआप रक्त येणारा तीळ लेझरखाली जाऊच नये. आपल्याकडे काळा कर्करोग, म्हणजे रंगाच्या पेशींचा मेलानोमा, कमी आढळतो, पण आढळतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. तिथला नवा काळा डाग दाखवून घ्या. इंदूरच्या सरकारी एम.वाय. रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे, फक्त पैशांसाठी कुणी अडून राहू नये.

घरगुती उपायांचं थोडं. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की बारीक देठाची चामखीळ सुकून गळते, हे खरं आहे, म्हणूनच तो उपाय आजीपासून टिकलाय. पण ती पिकते, आणि तीळ बांधला तर आणखी गोंधळ. चुना आणि सोडा एकत्र करून लावणं मात्र कृपा करून थांबवा. क्षार कातडीत खोलवर जाळत जातो, मस्सा जातो आणि खड्डा राहतो. गालावर असे खड्डे घेऊन आलेल्या विशीतल्या मुली पाहिल्या की पोटात तुटतं.

लेझरनंतर सात ते दहा दिवस खपली असते. ती नखानं काढायची नाही, ओली राहील इतकं मलम लावायचं. खाली गुलाबी कातडी येते. आपल्या वर्णात ती काही आठवडे काळपट पडू शकते, मग हळूहळू सावरते, पण मालव्याचं ऊन तिला लागू दिलं तर तो डाग महिनोन्‌महिने बसून राहतो. सनस्क्रीन रोज, ढगाळ दिवशीसुद्धा. छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीला जुना व्रण फुगून जाड झालेला असेल तर ते आधी सांगा, कारण तिथे पुन्हा तसंच होऊ शकतं. लग्नाआधी करायचं तर निदान दीड महिना हातात ठेवा. आणि रंगपंचमीच्या आधी करूच नका. राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, टँकरमधून उडणारा रंग ताज्या जखमेवर पडला तर काय होतं हे मी दर वर्षी पाहते.

डॉक्टरकडे येताना पूर्वी काही काढलं असेल तर त्याचा कागद आणा. कागद नसेल तर घरातला जुना अल्बम उघडा, आणि ती जागा नीट दिसेल असा एखादा फोटो सोबत घेऊन या.

नमस्कार.