पूलमधली एक वाईट रात्र म्हणजे नेमके किती बॉल?

नमस्कार. टेबलावर स्टिकने खेळायच्या पूलच्या पार्लरमधून हरून घरी आल्यावर, रात्री साडेअकरा-बारा वाजता तुम्ही हा व्हिडिओ पाहत असाल, तर सर्वांत आधी एक विनंती करतो. आज रात्री स्वतःच्या खेळाविषयी कोणताही निर्णय घेऊ नका. स्टिक विकायची नाही, लीगमधून नाव काढून घ्यायचे नाही आणि ज्याच्याकडून हरलात त्याला मेसेज करून उद्याचे आव्हानही द्यायचे नाही. या सगळ्या गोष्टी दोन दिवसांनीही करता येतात आणि तेव्हा त्यांतल्या बहुतेक कराव्याशा वाटत नाहीत.

अशी एक रात्र माझ्याही वाट्याला आली होती, आणि तिचा मी नंतर अगदी बारकाईने हिशेब केला, म्हणून आज तिच्याच आधारे बोलणार आहे. मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका पार्लरमध्ये नाइन बॉलची, म्हणजे पूलच्या ज्या प्रकारात नऊ नंबरचा बॉल पॉकेटमध्ये घालणारा डाव जिंकतो त्याची, छोटी स्पर्धा होती. सात रॅक, म्हणजे सात डाव, आधी जिंकेल तो पुढे जाणार होता. समोर जो मुलगा होता, त्याच्याकडून मी त्याआधी एकदाही हरलो नव्हतो. त्या रात्री मी २-७ असा हरलो. शेवटच्या रॅकमध्ये नऊ नंबरचा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी होता आणि पांढरा, म्हणजे स्टिकने मारायचा बॉल, त्याच्या सरळ रेषेत, हातभर अंतरावर होता. मी गरजेपेक्षा जोरात मारले. नऊ नंबर आत गेला आणि त्याच्यामागोमाग पांढराही गेला. नियमाप्रमाणे नऊ नंबर पुन्हा टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर मांडला गेला, समोरच्याला पांढरा हवा तिथे ठेवण्याची मुभा मिळाली आणि त्याने सामना संपवला. घरी येताना गाडीवर भिजलो, पण त्या पावसाची आठवण मला नंतर झाली. डोक्यात फक्त तो एक शॉट पुन्हा पुन्हा चालू होता.

हे असे का होते, हे समजून घेण्यासाठी पूल या खेळाची एक विशेष गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बॅडमिंटनमध्ये किंवा टेनिसमध्ये गुण गमावला तरी पुढच्या क्षणी तुम्ही पुन्हा धावत असता. शरीर कामात असते, त्यामुळे मनाला फार वेळ एका जागी थांबता येत नाही. पूलमध्ये मात्र एक बॉल चुकला की तुम्ही खुर्चीत जाऊन बसता. समोरचा खेळाडू खेळत असतो तोपर्यंत तुम्हाला करण्यासारखे काहीही नसते. आपल्याच चुकीने उघडे पडलेले टेबल दुसरा कोणी साफ करत आहे, हे पाहत राहणे एवढेच तुमच्या हाती उरते. मला वाटते, या खेळातली खरी इजा टेबलापाशी होत नाही, ती त्या खुर्चीत होते. तिथे बसून मनाने एकदा ‘आज आपले काही खरे नाही’ असे ठरवले की पुढचा शॉट खेळायला उठेपर्यंत ते मत पक्के झालेले असते.

आता त्या रात्रीचा हिशेब सांगतो. एका मित्राने तो संपूर्ण सामना मोबाइलवर चित्रित केला होता. दोन दिवस मी तो पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसलो आणि केवळ मोजणी केली. बॉल पॉट करण्याच्या, म्हणजे पॉकेटमध्ये घालण्याच्या, हेतूने मी ५२ शॉट खेळलो होतो आणि त्यांपैकी १२ चुकले होते. म्हणजे १०० मध्ये साधारण ७७ बॉल गेले. माझा नेहमीचा सराव मी वहीत नोंदवतो आणि चांगल्या-वाईट दिवसांची सरासरी काढली तर तो आकडा ८५ च्या आसपास असतो. त्या हिशेबाने ५२ शॉटमध्ये माझे आठ बॉल एरवीही चुकलेच असते. फरक होता चार बॉलचा. ज्या रात्रीने मला दोन दिवस नीट जेवू दिले नाही, ती रात्र एकूण चार बॉलची होती.

मग चार बॉलमुळे २-७ असा निकाल कसा लागतो? याचे उत्तर गुणाकारात आहे आणि ते मला मनापासून महत्त्वाचे वाटते, म्हणून इथे थोडे थांबतो. नाइन बॉलमध्ये एका खेपेत टेबल साफ करायचे असेल, तर नऊ बॉल लागोपाठ जावे लागतात. समजा, सगळे शॉट सारख्याच अवघडपणाचे आहेत. प्रत्यक्षात ते तसे नसतात, पण समजण्यापुरते हे गृहीत पुरेसे आहे. जो खेळाडू १०० मध्ये ८५ बॉल पॉट करतो, तो असे टेबल १०० पैकी साधारण २३ वेळा साफ करील. तोच खेळाडू ७७ वर आला, तर ही संख्या नऊ-दहापर्यंत खाली येते. हाताच्या कौशल्यातली घट बघणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणारही नाही इतकी छोटी असते आणि फळ्यावरचा आकडा मात्र निम्म्याहून खाली घसरतो. शिवाय तुम्ही चुकलेला प्रत्येक बॉल समोरच्याला आयते टेबल देतो, म्हणून प्रत्यक्षातली घसरण याहूनही मोठी दिसते.

म्हणून निकालाच्या आकड्यावरून स्वतःची किंमत ठरवणे हे निव्वळ हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. २-७ हा आकडा खरा आहे, तो नाकारायचा नाही. पण तो आकडा तुमच्या हाताचे मोजमाप नाही. तुमच्या हातात पडलेला फरक या खेळाच्या रचनेत कितीतरी पट मोठा होऊन फळ्यावर उमटलेला असतो.

यानंतरचे काम म्हणजे चुकलेले बॉल एकेक करून वेगळे काढणे. माझ्या बारा चुकांपैकी दोन समोरच्याच्या उत्तम सेफ्टीनंतरच्या, म्हणजे त्याने मुद्दाम मला अवघड जागी अडकवल्यानंतरच्या, होत्या आणि त्यांचे श्रेय त्याला देणेच योग्य होते. दोन घाईच्या होत्या, ज्यांत तो शेवटचा नऊ नंबरही आला. तीन चुकांना मला कोणतेच कारण सापडले नाही. बॉल गेला नाही, एवढेच. उरलेल्या पाच चुका मात्र एकाच जातीच्या निघाल्या. त्या पाचही वेळा आधीच्या शॉटनंतर पांढरा बॉल मला हवा होता त्याच्या वीतभर अलीकडे थांबला होता, त्यामुळे पुढचा कोन अवघड झाला होता आणि तो अवघड बॉल मी चुकलो होतो. पावसाळ्यात टेबलावरचे कापड दमट होते आणि बॉल नेहमीपेक्षा कमी पळतो. मी मात्र उन्हाळ्यातल्या अंदाजाने मारत राहिलो आणि शेवटी चिडून नको तिथे जोर लावला. आपण ज्या शॉटला चुकतो, त्या शॉटमध्ये दोष असतोच असे नाही. पूलमध्ये तो पुष्कळदा आदल्या शॉटमध्ये असतो. हे लिहून काढेपर्यंत मी ‘माझा हात गेला’ असेच समजत होतो.

हा हिशेब त्याच रात्री का करू नये, असे कोणी विचारील. त्या रात्री मन मोजणी करत नाही, ते आरोप करते. झोपेत हाताच्या हालचालींचे शिक्षणही पक्के होत असते, हे प्रयोगांमध्ये दिसून आले आहे, त्यामुळे पहाटेपर्यंत रागाने सराव करून झोप घालवण्यात दुहेरी नुकसान आहे. तीच गोष्ट ‘अजून एक गेम’ची. हरल्यानंतर पैशांची पैज लावून तिथल्या तिथे वसुली करायला जाऊ नये, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. दमलेल्या हाताने आणि दुखावलेल्या मनाने खेळलेली ती एक गेम क्वचितच एकावर थांबते. पैज सोडवतच नसेल किंवा उदासपणा आठवडे उलटले तरी जात नसेल, तर भारत सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतूनही बोलता येते. तो प्रश्न पूलपुरता राहिलेला नसतो.

त्या रात्री स्वतःशी बोलायचेच असेल, तर कसे बोलावे यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते, की ताणाच्या प्रसंगी स्वतःला ‘मी’ म्हणण्याऐवजी नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणारे लोक त्या प्रसंगाला अधिक सावरून सामोरे जातात आणि नंतर त्याचा कीसही कमी काढतात. मराठीत आपल्याला हे अवघड जाऊ नये, कारण आपण एरवीही मनातल्या मनात स्वतःला ‘अरे, तू’ म्हणूनच हाक मारतो. ‘मी असा कसा खेळलो’ या प्रश्नापेक्षा ‘अरे, तिसऱ्या रॅकमध्ये तुझा पांढरा अलीकडे का थांबला’ हा प्रश्न उत्तराच्या जवळ नेतो.

मोठ्या खेळाडूंच्या वाट्याला हे कसे येते, तेही पाहू. १९९६ साली हाँगकाँगमध्ये अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड आणि फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस यांच्यात नाइन बॉलचा एक सामना तीन दिवस चालला होता. १२० रॅक आधी जिंकेल त्याला एक लाख डॉलर आणि हरणाऱ्याला काहीही नाही, अशी अट होती. स्ट्रिकलंड एका टप्प्यावर १७ रॅकनी पुढे होता. शेवटी रेयेस १२०-११७ असा जिंकला. ही गोष्ट नेहमी रेयेसच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मला मात्र ती स्ट्रिकलंडच्या बाजूने पाहावीशी वाटते. २३७ रॅक खेळून तीन रॅकनी हरायचे, तेही इतकी मोठी आघाडी हातून जाऊन, आणि रिकाम्या हाताने परत यायचे. तोच स्ट्रिकलंड सहा वर्षांनी, २००२ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी नाइन बॉलचा जगज्जेता झाला. ते त्याचे तिसरे विजेतेपद होते.

त्याच २००२ सालच्या अखेरीस युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या मॉस्कोनी कप या सांघिक स्पर्धेत मूळचा स्नूकरपटू असलेल्या स्टीव्ह डेव्हिसने याच स्ट्रिकलंडला हरवून युरोपचा विजय निश्चित केला. स्नूकरप्रेमींना डेव्हिस आठवतो तो १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यामुळे. शेफील्डमध्ये डेनिस टेलरविरुद्ध ८-० ने पुढे असूनही तो शेवटच्या फ्रेमच्या, म्हणजे डावाच्या, शेवटच्या काळ्या बॉलवर १७-१८ असा हरला होता आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही ब्रिटनमधले १ कोटी ८५ लाख लोक ते टीव्हीवर पाहत होते. पुढच्या वर्षीही तो अंतिम सामन्यात हरला. त्यानंतर १९८७, १९८८ आणि १९८९ अशी सलग तीन वर्षे तो जगज्जेता ठरला.

आता टेबलापाशी परतण्याविषयी. इथे एक सापळा आहे आणि तो मेहनती खेळाडूलाच अडकवतो. वाईट रात्रीनंतर आपण कोपर, मनगट, खांदा असे एकेक सुटे करून तपासू लागतो. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फपटूंवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मुरलेल्या खेळाडूला स्वतःच्या फटक्याच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितले की त्याचा खेळ बिघडतो. जे हाताला येते ते पुन्हा डोक्याने करायला गेल्यावर असे होते. बिलियर्ड्सच्या खेळाडूंवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, जमलेल्या शॉटच्या आधी खेळाडूची शेवटची नजर लक्ष्यावर अधिक वेळ स्थिरावलेली आढळली. म्हणून परतल्यावर मी हाताकडे पाहत नाही, नजरेकडे पाहतो. स्टिक मागे खेचण्यापूर्वी ज्या बॉलला मारायचे त्यावर डोळे शांतपणे थांबले का, एवढेच तपासतो. चित्रणात माझे ते दोन घाईचे शॉट पाहताना नेमके हेच उणे दिसले होते.

मी चौथ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, अर्ध्या तासासाठी एकटा गेलो. आधी संपूर्ण टेबलभर पांढरा तीन वेळा फिरवून कापडाचा वेग पाहिला आणि ही सवय आता कायमची ठेवली आहे. त्यानंतर सरळ रेषेतला स्टॉप शॉट, म्हणजे समोरचा बॉल आत गेला पाहिजे आणि पांढरा जागच्या जागी थांबला पाहिजे, असा दहा वेळा मांडला. शेवटी पॉकेटच्या तोंडाशी नऊ नंबर आणि हातभर अंतरावर पांढरा ठेवला. हा शॉट पुन्हा मांडायला छातीत धडधडले, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या खेपेला स्टिक टेकवून मी उठलो, खडू लावला आणि पुन्हा वाकलो. बॉल हळूच आत गेला आणि पांढरा पॉकेटच्या अलीकडे चार बोटांवर थांबला. त्या दिवशीच्या पानावर वहीत नोंद आहे : स्टॉप शॉट दहापैकी सहा, नऊ नंबर दहापैकी दहा, कापड अजून दमट.