खारबंदिस्ती : भरती-ओहोटीच्या मधली शेती

(ओहोटी. खाडीचा चिखल, त्यामागे बांध, बांधापलीकडे भाताची खाचरं.)

अलिबाग आणि पेण तालुक्यांतला हा खारेपाट, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. बांधाच्या या अंगाला धरमतरची खाडी आहे आणि त्या अंगाला भात. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आतल्या शेतापेक्षा वर चढतं. मधला मातीचा बांध नसेल, तर ही सगळी जमीन खाडीचीच.

बांध मुरुमाचा चालत नाही, त्यातून पाणी झिरपतं. खाडीतला चिकट चिखलच लागतो, तोही थराथराने. एक थर सुकून बसला की दुसरा. घाईने एकदम ओतलेला चिखल सुकताना भेगाळतो आणि पहिल्या मोठ्या भरतीला त्याच भेगांतून पाणी वाट काढतं. चिखल बांधाच्या पायथ्याशी खणायचा नाही, अंतर सोडून खणायचा. जेसीबी आल्यापासून हा नियम सर्रास मोडला जातो. मग पायथा खचतो आणि वरचा बांध जागच्या जागी बसतो.

(उघाडीचं दार. पाणी बाहेर पडताना.)

ही उघाडी, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडायचं बांधातलं दार. झडप वरच्या बाजूला टांगलेली आहे आणि ती खाडीच्या दिशेनेच उघडते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचं पाणी तिला चौकटीवर दाबून बसवतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती सफाई. एखादा ओंडका किंवा प्लास्टिकचा गोळा फटीत अडकला, तर रात्रभरात खारं पाणी खाचरात. तोंडाशी गाळ साठला तर उलटा त्रास होतो, झडप उघडतच नाही आणि भात गोड्या पाण्यात कुजतं. मासळीसाठी कोणी झडपेला दगड लावून ठेवतो, ते तर नेहमीचंच भांडण.

बांधाचे खरे शत्रू मात्र लहान आहेत. खेकडे आणि उंदीर. बिळातून धार लागली की ती माती नेते, बीळ रुंदावतं, वरचं छप्पर कोसळतं आणि खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. म्हणून उन्हाळ्यात बांधावरून चालत बिळं हेरायची, ती नुसती वरून लिंपायची नाहीत. खणून मोकळी करायची आणि ओल्या चिखलाने ठासून भरायची.

(खांड. पाणी आत शिरताना.)

पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वारा आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की खांडी जातात. खांड उधाणात बांधायची नसते. भांगाची वाट पाहायची, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते तेव्हा. आधी खांडीच्या तळावर फांद्या आणि पेंढ्याच्या मोळ्या अंथरून दाबायच्या. हे टाळलं तर दोन्ही बाजूंनी तोंड अरुंद होत जाताना पाण्याचा वेग वाढतो आणि तळ उकरला जातो. मग कितीही चिखल टाका. त्यानंतर बांबूच्या किंवा लाकडाच्या मेढींच्या दोन रांगा ठोकायच्या आणि मध्ये पेंढा व चिखल भरायचा. शेवटचं तोंड एकाच ओहोटीत बंद व्हायला हवं. हाताशी साधारण सहा तास असतात आणि तेवढ्यात भराव पुढच्या भरतीच्या वर न्यावा लागतो. इथे पंधरा माणसं अपुरी पडतात, गाव लागतं.

पूर्वी ही जबाबदारी शिलोत्रदाराची होती. बाहेरचा बांध राखण्यासाठी तो कुळांकडून बिघ्याला मणभर भात घेई. ही पद्धत गोड नव्हती, पण बांध कोणाचा, हे ठरलेलं होतं. पुढे कुळांना जमिनी मिळाल्या आणि बाहेरच्या बांधाला धनी उरला नाही. 1948 साली खारभूमीचा कायदा आला, 1979 साली नवा आला, आणि योजनांतल्या बांधांची देखभाल शासनाकडे गेली. आता खांड पडली की आधी प्रस्ताव जातो, भरती मात्र रोज दोनदा येते.

(पांढरी पडलेली जमीन.)

एकदा खारं पाणी शिरलं की एका पावसाळ्यात जमीन सुधारेलच असं नाही. चर मोकळे ठेवून पावसाचं पाणी साठवायचं, सोडायचं, पुन्हा साठवायचं, म्हणजे क्षार धुऊन निघतात. कोवळी रोपं आणि फुलोरा या दोन वेळा भाताला खार सोसत नाही. म्हणून इथे काळा राता आणि भुरा राता हे खार सोसणारे जुने वाण टिकून होते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल 1, 2 आणि 3 हे वाण दिले. मोड आलेलं बी थेट खाचरात टाकायची रहू पद्धतही इथलीच. ते टाकायचं, पण पहिल्या चांगल्या पावसांनी वरचा थर धुतल्यावरच.

खांड वर्षानुवर्षं उघडी राहिली तर शेतात कांदळवन उगवतं. बांधाच्या बाहेर ते हवंच, लाटांचा मार तेच झेलतं. आत उगवलं की मात्र कायद्याने तोडता येत नाही आणि सातबाऱ्यावर शेत असून नांगर घालता येत नाही. त्यामुळे बांधावरची फेरी मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी व्हायला हवी. तेव्हा बिळं दिसतात, चिखल सुकायला ऊन असतं आणि एक बीळ दोन माणसं तासाभरात बुजवतात.