शेजारच्या बाकावरची ताई

(पडद्यावर फक्त ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणारं यंत्र. तीन लाटा, एकीमागे एक.)

या तीन लाटा म्हणजे एका मोटरच्या तीन वायरींमधला करंट. एक चढत असते तेव्हा दुसरी उतरत असते आणि तिसरी आपल्या पाळीची वाट बघत असते. तिघींमधलं अंतर बरोबर 120 अंश. आता ही मुलगी एक बटण दाबेल आणि तीन लाटांच्या जागी एक वर्तुळ दिसेल.

(वर्तुळ. पण किंचित चेपलेलं.)

आज ते चेपलेलं आहे. म्हणजे तीनपैकी एक सेन्सर खरा आकडा सांगत नाहीये. कुठला, ते ती शोधेलच. तोवर तिच्या कोडकडे बघूया. तीन लाटांचं वर्तुळ करणाऱ्या त्या दोन ओळींच्या वर एक नाव आहे: क्लार्क.

दोन वर्षं ती हे नाव टाइप करतेय. क्लार्क म्हणजे कुणी जुने गृहस्थ असणार, असं तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं. समीकरणाला फोटो नसतो आणि पहिलं नावही नसतं. एका संध्याकाळी शेजारच्या बाकावरची सीनियर, जिला इथे सगळ्या ताई म्हणतात, सोल्डरिंग करता करता म्हणाली, "अगं, एडिथ क्लार्क. बाई होत्या त्या."

मुलीनं हातातला प्रोब खाली ठेवला. तो क्षण आमच्या कॅमेऱ्यात नाही. पण तिनं तो आम्हाला इतक्यांदा सांगितला, की तो पाहिल्यासारखाच वाटतो.

(प्रयोगशाळा. संध्याकाळ. चार खुर्च्या, एक मोठं बाक.)

ही एका विद्यापीठातली पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा. इथे मोटर चालवणारे इन्व्हर्टर, म्हणजे डीसी विजेची एसी करणारे संच, बनतात, तपासले जातात आणि बऱ्याचदा उडतातही. इथे काम करणाऱ्या चौघी आज आमच्यासाठी बसल्या आहेत. मॅडम, म्हणजे विभागातल्या प्राध्यापक. पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ताई. वर्तुळ चेपलेली ती मुलगी. आणि प्रयोगशाळेची सगळी यंत्रं जिच्या हाताखालून जातात ती तंत्रज्ञ, जिला सगळ्या मावशी म्हणतात. नावं कुणाचीच घेणार नाही, असं आमचं ठरलंय.

प्रश्न दोनच. तुम्ही कुणाकडे बघून इथवर आलात? आणि तुमच्या मागून येणारीला काय सांगाल?

सुरुवात एडिथ क्लार्कपासूनच झाली. ताईनं त्यांची हकिगत पाठ केल्यासारखी सांगितली. जन्म 1883 चा, अमेरिकेतला. बाराव्या वर्षी आई-वडील दोघंही गेलेले. वारशात आलेला पैसा त्यांनी शिक्षणावर लावला. गणित शिकल्या, शिकवलं, मग टेलिफोन कंपनीत गणकाचं काम धरलं. त्या काळी 'कॉम्प्युटर' हे माणसाचं पद होतं. इंजिनिअरनं मांडलेली लांबलचक गणितं हातानं सोडवून द्यायची. 1919 मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची मास्टर्स पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या बाई ठरल्या. आणि एवढं करूनही इंजिनिअर म्हणून नोकरी देईना कुणी! जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांना पुन्हा गणकांच्याच टेबलावर बसवलं, फक्त मुख्य म्हणून.

तिथं बसून त्यांनी एक आलेखी गणकयंत्र तयार केलं. लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांची किचकट समीकरणं त्यावर झटपट सुटायची. 1921 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि नोकरी सोडून थेट कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) महिला महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायला निघून गेल्या. पुढच्या वर्षी परतल्या, तेव्हा त्याच कंपनीनं त्यांना इंजिनिअर म्हणून घेतलं.

"मला ते जाणं फार आवडतं," ताई म्हणते. "भांडण नाही, रडणं नाही. उठल्या आणि गेल्या."

मॅडम तिला अडवतात. जाणं प्रत्येकीला परवडत नाही, त्या म्हणतात. क्लार्क यांच्यामागे घर नव्हतं, कर्ज नव्हतं, लहान मूल नव्हतं. हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट मुलींना सांगू नये.

चित्रीकरणाच्या दिवसांत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे. आदर्श व्यक्तींच्या गोष्टी आपण सांगतो त्या बहुतेक वेळा वरचा मळ खरवडून, चकचकीत करून. मग ऐकणारीला वाटतं, हे आपल्याला जमायचं नाही. मळासकट सांगितली, तर तिला त्यात स्वतःसाठी जागा सापडते.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. वीजवाहिन्यांचे मनोरे.)

ताईचा स्वतःचा आदर्श मात्र क्लार्क नव्हेत. ए. ललिता, भारतातल्या पहिल्या महिला विद्युत अभियंत्या. 1919 साली मद्रासमध्ये जन्म. पंधराव्या वर्षी लग्न. अठराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी. वडील मद्रासमधल्या गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. 1940 मध्ये ललिता त्याच महाविद्यालयात दाखल झाल्या. शेकडो मुलांत एकट्या.

इथं ताई थोडी थांबते. पुढचं तिला नीट सांगायचंय.

वर्गाचा त्रास नव्हता म्हणतात. पण वसतिगृहातलं एकटेपण होतं. दिवसभराचं कुणाशी बोलायचं? म्हणून वडिलांनी आणखी मुलींनी प्रवेश घ्यावा यासाठी खटपट केली. लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. तिघी एकाच सुमाराला पदवीधर झाल्या. ललितांच्या पदवीपत्रावर छापील मजकूर पुरुषालाच उद्देशून होता, इंग्रजी 'ही' (He) खोडून हातानं 'शी' (She) करावं लागलं. पुढे त्यांनी वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांच्या आराखड्यांचं काम केलं, भाक्रा-नांगल धरणाच्या विद्युत कामातही त्यांचा हात होता. 1964 मध्ये न्यूयॉर्कला महिला अभियंत्या आणि वैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या हजर होत्या. थ्रेसिया 1971 मध्ये केरळ राज्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

"सगळे त्यांना पहिली म्हणून ओळखतात," ताई म्हणते. "मला त्या तिघी म्हणून आठवतात."

या वाक्यावर मी बराच वेळ अडकून पडले. ज्या बाईचा फोटो आज आपण भिंतीवर लावतो, तिलाही शेजारी कुणीतरी हवी होती.

आणि ही नुसती भावनेची बाब नाही. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेत, नीलांजना दासगुप्ता आणि टारा डेनेही यांनी याचा माग काढला. 2017 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. अभियांत्रिकीत नव्यानं आलेल्या 150 मुली. काहींना मार्गदर्शक म्हणून वरच्या वर्गातली मुलगी दिली, काहींना वरच्या वर्गातला मुलगा, काहींना कुणीच नाही. वर्षअखेरीला ज्यांना कुणीच नव्हतं त्यांच्यापैकी 11 टक्के अभियांत्रिकी सोडून गेल्या होत्या. मुलगा मार्गदर्शक असलेल्यांपैकी 18 टक्के. आणि वरच्या वर्गातली मुलगी मिळालेल्यांपैकी? एकही नाही.

गुण मात्र सगळ्यांचे सारखेच होते. मार्गदर्शक मुलीमुळे गणित जास्त यायला लागलं असं काही झालं नाही. टिकला तो आत्मविश्वास, आणि 'आपण इथल्याच आहोत' ही भावना. मार्गदर्शक कुणी नामवंत शास्त्रज्ञ नव्हत्या, हे विसरू नका. वरच्या वर्गातल्या विद्यार्थिनी होत्या. म्हणजे ताया.

(मावशी. हातमोज्यांचा खोका उघडते.)

मावशीला विचारलं, तुमचा आदर्श कोण? ती म्हणाली, "मला असं कुणी नव्हतं." आणि उठून आम्हाला हातमोजे दाखवायला लागली.

हे रबरी इन्सुलेटेड हातमोजे, 1000 व्होल्टपर्यंतचे. ती कामाला लागली तेव्हा खोक्यात एकच माप होतं, पुरुषी हाताचं. बोटांची टोकं रिकामी लोंबायची. त्यानं स्क्रू धरता येत नाही, म्हणून बाया हातमोजे काढून काम करायच्या. मग कुणाला झटका बसला, की बायकांना या कामाची सवय नसते असं म्हणायला सगळे मोकळे. मावशीनं लहान मापासाठी अर्ज केला. परत आला. पुन्हा केला. तिसऱ्या वेळी तिनं अर्जाला कागद लावला, त्यावर स्वतःच्या हाताचा ठसा आणि शेजारी हातमोज्याची आखलेली कड. दोन्हींमधली मोकळी जागा तिनं लाल पेन्सिलीनं भरली होती. हातमोजे आले.

तो कागद अजून आहे. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. लाल रंग फिका पडलाय.

तिचा सल्ला? "सप्लाय बंद केला म्हणजे बोर्ड मेला असं समजायचं नाही. वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला असतो. आधी डिस्चार्ज कर, मग मीटरनं मोज, मग परत मोज. आणि मोजताना एक हात खिशात." दोन्ही हात बोर्डवर असले आणि चुकलं, तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो, वाटेत हृदय असतं. एक हात खिशात ठेवला की ती वाट बंद. आयुष्याचा सल्ला विचारला होता, हा कसला, असं माझ्या सहकाऱ्यानं कुजबुजत विचारलं. चौघी एकदमच म्हणाल्या, हाच.

(मॅडमच्या टेबलावर एक जुनी नोंदवही.)

मॅडमनी नाव घेतलं मिल्ड्रेड ड्रेसलहाउस या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकांचं. कार्बनच्या अभ्यासात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. 1985 मध्ये एमआयटीनं त्यांना 'इन्स्टिट्यूट प्रोफेसर' केलं, तिथला हा सर्वोच्च मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. पण मॅडमना सांगायचं होतं ते त्याआधीचं. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात मिल्ड्रेड आल्या त्या शाळामास्तरीण व्हायच्या इराद्यानं. दुसऱ्या वर्षी पदार्थविज्ञान शिकवायला एक तरुण बाई होती, रोझलिन यालो. तिनं या मुलीला हेरलं आणि सांगितलं, तू पदार्थविज्ञानातच जायचं. यालोंना 1977 मध्ये नोबेल मिळालं. पण त्या वर्गात शिकवत होत्या तेव्हा त्यांचं नाव कुणाला ठाऊक होतं?

ड्रेसलहाउस यांना पुढे चार मुलं झाली. ती लहान असताना, सकाळी आठला हजर व्हायचं तिथं त्यांना साडेआठ व्हायचे आणि त्यावरून बोल ऐकावे लागायचे. मॅडम हे सांगताना हसल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही असा अर्धा तास होता. मुलगी तापानं फणफणलेली, बैठक ठरलेली, आणि त्या पोचेपर्यंत त्यांचा प्रकल्प दुसऱ्याच्या नावे लागलेला. "मी तेव्हा गप्प बसले," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसू नका. त्याच दिवशी लिहून कळवा. शांतपणे, पण त्याच दिवशी."

मग त्यांनी नोंदवही उघडली. प्रत्येक पानावर तारीख, काय केलं, काय बिघडलं, आणि खाली सही. दुसरी सही साक्षीदाराची. कल्पना कुणाची, मोजमाप कुणी केलं, याची आठवण माणसं सोयीनं ठेवतात. वही सोयीनं आठवत नाही.

यावर त्यांनी हर्था आयर्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांची आठवण काढली. विजेचा कार्बन-आर्क, म्हणजे दोन कार्बन कांड्यांमधली प्रखर ठिणगी, सूं-सूं आवाज का करतो, तो प्राणवायू कार्बनपर्यंत पोचल्यामुळे, हे शोधून काढणाऱ्या त्या. 1899 मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं त्यांना सभासद करून घेतलं. 1902 मध्ये रॉयल सोसायटीनं फेलो करायचं नाकारलं, कारण काय, तर त्या विवाहित. चार वर्षांनी त्याच सोसायटीनं ह्यूज पदक दिलं! मेरी क्युरींच्या शोधाचं श्रेय वर्तमानपत्रं त्यांच्या नवऱ्याला देत होती, तेव्हा आयर्टन यांनी 1909 मध्ये पत्र लिहून ठणकावलं, की बाईचं काम पुरुषाच्या नावे लावण्याची चूक मारता मरत नाही. आणि 1912 मध्ये क्युरी आजारी होत्या, बदनामीनं पिचलेल्या होत्या, तेव्हा त्यांना इंग्लंडमध्ये आपल्याकडे ठेवून घेतलं. कुणाला पत्ता लागू न देता. संशोधनाच्या इतिहासात ही नोंद कुठल्या रकान्यात बसते, मला माहीत नाही. मी ती पहिल्या पानावर लावीन.

(पुन्हा बाक. बाहेर अंधार.)

मुलगी अजून काही बोललेली नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, मागच्या महिन्यात तिच्या हातून इन्व्हर्टर उडाला. आवाज झाला, धूर झाला. तिला वाटलं, आता सगळ्यांना कळलं आपण इथं कशाच्या जोरावर आलो ते. तेवढ्यात ताई आली, जळका मॉस्फेट, म्हणजे इन्व्हर्टरमधला विजेचा छोटा स्विच, चिमट्यानं उचलला आणि ड्रॉवरमधून एक डबी काढली. डबीत आठ-नऊ जळके मॉस्फेट. "हे माझे," ताई म्हणाली. "तुझी डबी आजपासून."

ती डबी तिनं आम्हाला दाखवली. तिच्यात आता तीन आहेत.

सेन्सर सापडलाय. दुसऱ्या फेजचा, म्हणजे दुसऱ्या वायरीवरचा. ती सप्लाय बंद करते. थांबते. कपॅसिटर डिस्चार्ज करते, मीटरनं मोजते, परत मोजते. डावा हात खिशात. सेन्सर बदलून पुन्हा चालू करते.

(ऑसिलोस्कोप. वर्तुळ, पूर्ण गोल.)

कुणी टाळ्या वाजवत नाही. मावशी हातमोजे खोक्यात ठेवते. मुलगी कोडमधल्या त्या ओळीकडे जाते आणि 'क्लार्क'च्या आधी 'एडिथ' टाइप करते. मग वही ओढते. तारीख. दुसऱ्या फेजचा सेन्सर बदलला. स्वतःची सही.

वही ताईकडे सरकते. ताई ओठांत धरलेलं पेन काढते आणि खाली आपली सही करते.