विरलेल्या लुगड्याची गोधडी

हे नऊवारी लुगडं उन्हासमोर धरलंय. काठ अजून घट्ट आहे. मधला भाग बघा: जिथे रोज ताण पडला, जिथे गुडघे टेकले, तिथून पलीकडचं दिसतंय. सुती कापड असंच विरतं, सगळीकडे सारखं नाही. म्हणून गोधडी शिवणारी बाई कात्री उचलण्याआधी कापड उजेडात बघते, बोटांनी चाचपते.

खाली एक लुगडं ताणून अंथरलंय. त्यावर जुन्या धोतराचे, झंपरांचे तुकडे. एकाच्या विरलेल्या जागेवर दुसऱ्याचा घट्ट भाग यायला हवा. सगळी मेहनत या जुळवणीत आहे, आणि ती घाईनं होत नाही.

पातळ कापडाच्या मागे जाड कापड लावावंसं वाटतं. ते टाळावं. ओढ बसली की जाड कापड हलत नाही, सगळा ताण मऊ कापडावर येतो आणि ठिगळाच्या कडेलाच नवी फाट पडते. धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा मलमल पुरे. नवं मांजरपाट असेल तर आधी भिजवून वाळवायचं; कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि वरच्या जुन्या कापडाला चुण्या पडतात.

रेशमी साडीचे निसटते तुकडे जोडताना काही जणी फ्यूजिंग, म्हणजे मागे गोंद असलेलं पातळ अस्तर, लावतात. इस्त्रीच्या उष्णतेनं त्याचा गोंद वितळून कापडाला धरतो, कडेचे धागे सुटत नाहीत. भिंतीवर लावायच्या कामाला ते ठीक. अंगावर घ्यायच्या गोधडीत मात्र नको, कारण जुन्या लुगड्याचा मऊपणाच त्यात हरवतो.

खरं बळ येतं ते धावदोऱ्यानं. कडेपासून सुरुवात, मग ओळीमागून ओळ आत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या, बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही अशीच कडेकडून आत. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेलेले. ओळी जवळजवळ असल्या की ओढ सगळ्या थरांत वाटली जाते, आणि एखादी जागा फाटलीच तर फाट पुढच्या ओळीपाशी अडते. फक्त दोरा करकचून ओढायचा नाही. विरलेलं सूत त्यानंच कापलं जातं.

काही वर्षांनी वरचं लुगडंही झिजेल. तेव्हा गोधडी उसवत नाहीत. तिच्यावरच दुसरं लुगडं घालतात आणि पुन्हा कडेपासून टाके घालायला बसतात.