आपला भाग कुठे आहे?

[दृश्य: बोरिवली. रविवारची दुपार, जेवणं उरकलेली. हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर मोठा नकाशा.]

हा नकाशा माझ्या लॅपटॉपवर दोन वर्षं नुसता पडून होता. तेव्हा त्यात पश्चिमेला आइसलंड, पूर्वेला पार तिबेट. मध्ये शेकडो राजे, आणि प्रत्येकाला बायको, भावंडं, कर्ज, वैर. खेळाचं नाव क्रुसेडर किंग्ज थ्री. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीनं तो १ सप्टेंबर २०२० ला बाजारात आणला. मी सेलमध्ये घेतला. पहिल्यांदा उघडला तेव्हा पाऊण तास बटणं बघत बसले आणि बंद केला. महिन्याभरानं पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा उघडायला हातच धजेना.

ही फिल्म करायला घेतली तेव्हा ओळखीतल्या लोकांना मी एकच प्रश्न विचारत होते. घेतलास, पण सुरूच केला नाहीस असा कुठला खेळ आहे? प्रत्येकाकडे एक तरी निघाला.

परळचा एक मित्र ड्वार्फ फोर्ट्रेस पुढे अडला. हा खेळ २००६ पासून चालू आहे, आणि त्याच्या मूळ रूपात डोंगर, झाडं, माणसं, सगळं काही कीबोर्डवरच्या अक्षरांनी आणि चिन्हांनी काढलेलं असतं. ठाण्याची मैत्रीण बाल्डर्स गेट थ्रीच्या पहिल्याच पडद्यावर थांबली. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच तिथे ११ वंश आणि १२ पेशे समोर येतात, आणि त्यातून स्वतःला घडवायचं असतं. ती म्हणाली, "पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत नाही, मग आत्ताच मी कोण ते कसं सांगू?" मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो.

त्यात वेळेचं गणित वेगळंच. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला खेळ परत करायचा तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून करावा लागतो. शंभर तासांच्या खेळात २ तास म्हणजे उंबरठासुद्धा नाही. चर्चगेटहून उभ्यानं येऊन रात्री साडेनऊला दार उघडणाऱ्या माणसाकडे झोपेआधी जेमतेम तासभर उरतो. दिवसभर ऑफिसात 'हे मला जमत नाहीये' असं मनात म्हणून झालेलं असतं. तो उरलेला तासही तसाच जावा असं कुणाला वाटेल? म्हणून माणसं पुन्हा जुनाच खेळ लावतात. मी याला आळस म्हणणार नाही.

[दृश्य: गिरगावातली एक चाळ. लांबलचक गॅलरी, वाळत घातलेले कपडे, एका दाराबाहेर चपलांचा ढीग.]

हे असं आधी नव्हतं, म्हणून मी इथे आले. नव्वदच्या दशकात आमच्या मजल्यावर एकाच घरी टीव्ही गेम होता. चपलांच्या ढिगावरून कळायचं की आत खेळ चालू आहे. पिवळी कॅसेट लागली नाही की काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची. दोन रिमोट, खेळणारे दोघे, बघणारे बारा. मुलींची पाळी सगळ्यांत शेवटी यायची, त्याचा मला तेव्हा फार राग यायचा. पण तासन्‌तास बघून बघून काँट्रामध्ये कुठल्या झुडपामागून गोळी येते ते मला पाठ झालं होतं. आमच्यातल्या कुणालाच पडद्यावरचं इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. तरी तीस जीव मिळवायची युक्ती सगळ्या मजल्याला तोंडपाठ होती: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ती आम्हाला कुणी शिकवली? कुणीतरी कुणाच्यातरी शेजारी बसलेलं होतं, एवढंच सांगता येईल.

आणि हरायचे सगळेच, सगळ्यांदेखत. हरलास की रिमोट पुढच्याकडे.

त्या काळचे खेळसुद्धा शेजारी बसल्यासारखे शिकवायचे. १९८५ च्या सुपर मारियो ब्रदर्सचा पहिला पडदा आठवून बघा. मारियो डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे ते आपोआप कळतं. थोड्याच वेळात तपकिरी, भुवया चढवलेला गूम्बा चालत येतो. त्याला धडकलात की मेलात, आणि पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात. दुसऱ्या खेपेला उडी मारताच. मारियोचे जनक शिगेरू मियामोतो यांनी हा पडदा विचारपूर्वक असाच रचला होता. सूचनेचा एक शब्द नाही, आणि चूक केली तर नुकसान काही सेकंदांचं.

[दृश्य: रात्र. धाकटा भाऊ टीव्हीसमोर, हातात कंट्रोलर. पडद्यावर एल्डन रिंग.]

माझ्या धाकट्या भावाचा खेळ एल्डन रिंग. फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, आणि अवघड म्हणून जगभर गाजला. त्यात सोपं-मध्यम-कठीण अशी निवडच नाही. सुरुवातीला एका थडग्यांच्या जागी जाग येते. जवळच एक खोल खड्डा आहे, आणि शेजारी बसलेली एक भुतासारखी आकृती खाली उडी घे म्हणते. खेळाची शिकवणी त्या खड्ड्याच्या तळाशी आहे! उंचावरून उडी मारली की मरतो, हे इतर खेळांत शिकून आलेले लोक साहजिकच त्याला वळसा घालून पुढे जातात. माझा भाऊही गेला. बाहेर मोकळं रान, सोनेरी प्रकाश, आणि वाटेवर सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार. भाऊ त्याच्यावर अकरा वेळा धावून गेला आणि अकरा वेळा मेला. त्या घोडेस्वाराला टाळून खुशाल पुढे निघून जाता येतं, हे त्याला नंतर मित्रानं फोनवर सांगितलं.

तरी या खेळात एक गोष्ट फार सुंदर आहे. जमिनीवर इतर खेळाडूंनी ठेवलेले संदेश चमकत असतात: पुढे सावध, इथे लपलेली वाट आहे. कुठे रक्ताचा डाग दिसतो. त्याला हात लावला की कुणीतरी अनोळखी माणूस तिथे कसा मेला ते लाल सावलीसारखं दिसतं. ही कल्पना २००९ च्या डीमन्स सोल्स या खेळापासूनची, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांची. बर्फ पडत असताना चढावर त्यांची आणि इतरांच्या गाड्या अडकल्या होत्या. मागच्या गाडीनं पुढच्या गाडीला रेटा द्यायचा, असं करत अनोळखी माणसं एकमेकांना वर काढत होती. वर पोचल्यावर कुणी कुणाचे आभार मानायला थांबलं नाही. ती आठवण मनात ठेवून त्यांनी अनोळखी खेळाडूंनी एकमेकांना हात द्यायची कल्पना खेळात आणली. भाऊ घरात एकटा खेळतो, पण जमिनीवर ते शब्द चमकत असतात तोवर मला तो एकटा वाटत नाही.

[दृश्य: पुन्हा बोरिवलीचा हॉल. लॅपटॉपसमोर दोन खुर्च्या.]

माझ्या नकाशाचं कुलूप बाबांनी उघडलं. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले, वय ७२. व्हिडिओ गेमला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. त्या रविवारी ते चहा घेऊन माझ्यामागे उभे राहिले. मी अखेर तिसऱ्यांदा खेळ उघडून शिकवणी सुरू केली होती. ती आयर्लंडमधल्या मन्स्टर नावाच्या एका छोट्या राज्यात, १०६६ साली घडते. नवख्या माणसासाठी हीच जागा बरी असं सगळे सांगतात, आणि ते खरंही असेल.

बाबा थोडा वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे राहू दे गं. यात आपला भाग कुठे आहे?"

मी नकाशा सरकवत सरकवत दख्खनवर आणला. साल बदलून ८६७ केलं. मोठ्या अक्षरांत नाव आलं: राष्ट्रकूट.

बाबा खुर्ची ओढून बसले. "८६७ म्हणजे अमोघवर्ष. साठ वर्षांच्या वर राज्य केलं त्यानं. राजधानी मान्यखेट, आता त्याला मालखेड म्हणतात, कर्नाटकात आहे. वेरूळचं कैलास लेणं ज्यानं खोदवलं तो कृष्ण पहिला, याचा पणजोबा." मग खिडकीकडे हात करून म्हणाले, "आणि आपल्या कान्हेरीत शिलाहारांचे लेख आहेत, त्यात याचं नाव कोरलेलं आहे. शिलाहार कोकणात याचेच मांडलिक."

कान्हेरी आमच्या घरापासून अशी कितीशी दूर! शाळेच्या सहलीत पाण्याची टाकी बघून आले होते मी. हे नाव तिथल्या कातळावर आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर खेळ तोच राहिला, बटणं तेवढीच राहिली, पण मला प्रश्न विचारता यायला लागले. गादीवर पुढे कोण? भाऊ कुठे आहेत? मुलीचं लग्न कुठल्या घरात केलं तर फायदा? बाबांना हे प्रश्न नवे नव्हतेच. सोयरिकी जुळवणं, भाऊबंदकी, इस्टेटीच्या वाटण्या, आयुष्यभर भोवताली तेच पाहिलेलं. या खेळात राजा मेला की खेळ संपत नाही, आपण त्याचा वारस होऊन पुढे खेळतो, थेट १४५३ पर्यंत. 'म्हणजे मरायची भीती नाही,' बाबा म्हणाले. भीती निर्वंश व्हायची.

दोन गोष्टींनी आम्हाला फार सांभाळून घेतलं. स्पेस बार दाबला की काळ थांबतो, आणि हवा तितका वेळ थांबून राहतो. बाबा "थांबव" म्हणाले की मी थांबवते, मग आम्ही चहा होईपर्यंत बोलतो. आणि अडलेल्या शब्दावर बाण नेला की त्याचा अर्थ चौकटीत उघडतो, त्या चौकटीतला शब्द अडला तर त्यावर बाण नेला की आणखी एक चौकट. अर्थ इंग्रजीतच असतो, खेळ मराठीत नाही. मी वाचून सांगते, बाबा मराठी शब्द शोधतात. व्हॅसलला मांडलिक, रीजंटला कारभारी. आता आमच्या घरात हेच शब्द चालतात.

[दृश्य: शाळेची दोनशे पानी वही. बाबांचं टपोरं अक्षर.]

ही वही बाबांनी केली. प्रत्येक पानावर एक राजा. गादीवर कधी बसला, कुणाशी लग्न, मुलं किती, कशानं गेला. चौथ्या पानावरच्या राजाला त्याच्या सख्ख्या भावानं मारलं, तिथे बाबांनी लाल शाईनं रेघ ओढली आहे. पाचव्या पानावर एवढंच लिहिलंय: वय ६, कारभारी चुलता.

काल लोकल अंधेरीला थांबलेली असताना त्यांचा फोन आला. "लवकर ये," म्हणाले, "त्या चुलत्याचं लक्षण मला काही ठीक दिसत नाही."